पाइपाचं कूळ

वालीवमध्ये प्लास्टिकला मरण नाही. महामार्गावरून वसई फाट्याला आत वळलं की गाळ्यांच्या रांगा लागतात आणि त्या रांगांत कुठे ना कुठे कुणीतरी कशाचा तरी चुरा करत असतं. फुटकी बादली, तडकलेला क्रेट, पाय मोडलेली खुर्ची, रसायनाचा निळा ड्रम, सगळं एकाच ग्राइंडरच्या तोंडी जातं. माणसाला निदान मोक्षाची आशा असते. इथे आलेल्या प्लास्टिकला तीही नाही. त्याची पुन्हा बादली होते, पुन्हा क्रेट होतो, पुन्हा खुर्ची होते. आणि यातलं काहीच होण्याची लायकी उरली नाही की त्याचा ड्रेनेजचा पाइप होतो.

हा पाइप माणूस स्वतः होऊन सहसा विकत घ्यायला जात नाही. तो आधीच कुणीतरी घेऊन पुरलेला असतो आणि तुंबेपर्यंत त्याची आठवण कुणी काढत नाही. पण वसई पूर्वेला, जिथे इमारतींनी पंचविशी-तिशी ओलांडली आहे, तिथे मे महिना लागला की सोसायट्यांच्या कमिट्यांना एकाएकी जमिनीखालचं दिसायला लागतं. यंदा आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाची पावसाळी पाण्याची लाइन बदलायची होती. विषयपत्रिकेत हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात झोपलेला होता. त्याला उठवलं सेक्रेटरींनी. राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० साली सुरू झालं. ते ग्रामपंचायती आणि नगरपालिकांसाठी आहे, पण आमच्या सेक्रेटरींनी ते अंगावर घेतलं आहे. नवी लाइन पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकची टाकावी, असा ठराव त्यांनी मांडला.

टाळ्या पडल्या. ज्या सभेत लिफ्टच्या दाराच्या रंगावरून मतदान घ्यावं लागलं होतं, त्या सभेत पर्यावरण एकमताने पास झालं. खजिनदारांनीही मान डोलावली, कारण पुनर्वापर म्हणजे स्वस्त असं त्यांनी गृहीत धरलं होतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “पण रिसायकल म्हणजे... आधी तो कशाचा होता?”

सभा गप्प झाली. मग एकेकाला शंका फुटायला लागल्या. हॉस्पिटलच्या सामानाचा असला तर? औषधफवारणीच्या डब्यांचा असला तर? लाइन आमच्या तुळशीवृंदावनाच्या खालून जाते, हे तिसऱ्या मजल्यावरच्या एका सदस्यांनी नकाशाशिवाय सिद्ध केलं. आता या पाइपातून जायचं काय होतं? गच्चीवरची सगळी कबुतरं वर्षभर जे काही करतात ते, त्यात कुजका पाला, गाड्या धुतलेलं पाणी आणि कुणाचा तरी हरवलेला चेंडू. हे सगळं वाहून नेण्यासाठी पाइप मात्र सोज्ज्वळ पूर्वायुष्याचा हवा होता. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. ड्रेनेज पाइपाची सोय या म्हणीत नाही. शेवटी ठराव दुरुस्तीसह मंजूर झाला: पाइप पुनर्वापराचा असावा, मात्र त्याचा पूर्वीचा वापर स्वच्छ असावा.

हे स्वच्छ वापराचं प्लास्टिक शोधायला सेक्रेटरी, खजिनदार आणि प्लंबर निघाले. मला घेतलं, कारण सोसायटीचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो आणि परत आल्यावर अहवाल लिहायला कुणीतरी लागतं.

वालीवमध्ये पत्ता शोधणं हे स्वतंत्र काम आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे, भोयदापाडा ही मुळात गावं आणि पाडे. तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी भातशेती करणारी ही वस्ती मुंबईतल्या कारखानदारीला जागा कमी पडू लागल्यावर गाळ्यांनी भरली. आज तिथे स्क्रूपासून बिस्किटाच्या साच्यापर्यंत काय वाटेल ते बनतं. इस्टेटींना नावं देवांची किंवा मालकाच्या वडिलांची, आणि गाळ्यांचे नंबर लावणारा माणूस बहुधा मधल्या सुट्टीत जेवायला गेला तो परत आलाच नाही. सातच्या शेजारी अकरा, अकराच्या मागे तीन-अ. रस्ता विचारला तर उत्तर मिळतं, “पुढे काळं पाणी दिसेल, तिथून डावीकडे.” या खुणेवर आम्ही डावीकडे बऱ्याचदा वळलो.

शेठ गाळ्याच्या दाराशीच बसले होते. टेबलावर वेगवेगळ्या जाडीचे पाइपाचे तुकडे मांडलेले. आम्ही “ड्रेनेजचा पाइप” एवढंच म्हटलं, तर त्यांनी मापही विचारलं नाही. “दाखवायचा आहे, वापरायचा आहे, का पुरायचा आहे?”

हा प्रश्न मला अत्यंत अभ्यासपूर्ण वाटला. भिंतीवरून दिसणारा पाइप म्हणजे दाखवायचा. त्याला रंग हवा, चकाकी हवी, वर ओळीने छापलेलं नाव हवं. वापरायचा म्हणजे ज्याच्या बाबतीत गिऱ्हाईक परत येऊन भांडू शकतं तो. पुरायच्या पाइपाला यातलं काहीच नको. तो मातीखाली गेला की पुरावा नष्ट.

सेक्रेटरींनी घसा साफ करून सांगितलं, “आम्हाला रिसायकल मटेरियलचाच पाहिजे.”

शेठनी चष्मा काढला. “साहेब, रिसायकल तर सगळेच नेतात. पण व्हर्जिन म्हणून नेतात. तुम्ही रिसायकल म्हणून मागताय, असं गिऱ्हाईक पहिलंच.” मग थोडा विचार करून म्हणाले, “व्हर्जिनचं सर्टिफिकेट छापून ठेवलंय. रिसायकलचं अजून कुणी मागितलं नव्हतं.”

या धंद्यातली शुद्धतेची उतरंड ऐकण्यासारखी आहे. सगळ्यात वर व्हर्जिन, म्हणजे कारखान्यातून थेट पोत्यात आलेला नवा दाणा. त्याच्याही वर ‘एकदम व्हर्जिन’ असतो. व्हर्जिनच्या वर आणखी कुणी असू शकतं याचाच अर्थ खालच्या व्हर्जिनमध्ये काहीतरी मिसळलेलं आहे, हे प्लंबरने माझ्या कानात सांगितलं. त्याखाली रिप्रो, म्हणजे भंगार दळून, धुऊन, वितळवून पुन्हा केलेला दाणा. मग मिक्स. आणि सगळ्यात खाली ‘लोकल’. लोकल मालाच्या बाबतीत चौकशी करायची नसते, फक्त भाव करायचा असतो.

सेक्रेटरींना पूर्वीचा वापर पाहायचा होता, म्हणून शेठनी आम्हाला मागच्या गाळ्यात नेलं. तिथे दाणा बनत होता. आवाज इतका, की खजिनदारांचे सगळे आक्षेप त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाच्या कानावर पडले नाहीत. दाराशी बायका भंगाराच्या ढिगासमोर बसून छाटणी करत होत्या. तुकडा हातात घ्यायचा, वाकवायचा, जमिनीवर आपटून आवाज ऐकायचा आणि बरोबर त्या ढिगात फेकायचा. आम्ही सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करायला दोन रंगांचे डबे, एक फलक आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप लावतो, तरी केळीची साल सुक्यात जाते.

ही छाटणी चुकली तर पुढचं सगळं चुकतं. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक अडीचशे अंशांच्या पुढे वितळतं. ड्रम आणि क्रेटचं एचडीपीई त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे बाटलीचा तुकडा चुकून एचडीपीईत घुसला तर तो न वितळता तसाच राहतो आणि पाइपात गाठ होऊन बसतो. पीव्हीसीचा तुकडा घुसला तर उलटं, तो त्या उष्णतेत करपतो आणि नाकात झोंबणारा आम्लाचा वायू सोडतो. एवढंच नव्हे, एचडीपीईतही भेद आहेत. ड्रम फुगवून बनवतात, त्याचा दाणा वितळल्यावर घट्ट असतो, पाइपाला तो चालतो. घमेलं आणि क्रेट साच्यात दाब देऊन बनवतात, त्यांचा दाणा पातळ वाहतो. त्याचा पाइप ओढायला गेलं तर तो मशीनच्या तोंडाशीच मान टाकतो. थोडक्यात, पूर्वायुष्य पाहावंच लागतं. काकूंचा प्रश्न बरोबर होता, कारण तेवढं चुकीचं.

छाटलेला माल ग्राइंडरमधून, मग पाण्याच्या टाकीतून, मग उन्हातून जात एक्सट्रूडरमध्ये शिरत होता आणि दुसऱ्या टोकाला जाड शेवयांसारखा काळा होऊन बाहेर येत होता. त्या शेवया पाण्याच्या पन्हाळीतून पुढे सरकून कापल्या जात होत्या. तो दाणा. सेक्रेटरींनी तो ओंजळीत घेतला, वास घेतला आणि विचारलं, “काळाच का?”

“सगळे रंग एकत्र आले की शेणाचा रंग होतो, साहेब,” तिथला कारागीर म्हणाला. “त्यात काळा मास्टरबॅच टाकला की सगळे सारखे.”

हे वाक्य मी अहवालात जसंच्या तसं घेतलं. मात्र काळ्या रंगावर अन्याय नको. चांगल्या एचडीपीई पाइपातही काजळी मुद्दाम घालतात, मानकाप्रमाणे साधारण अडीच टक्के, कारण उन्हातल्या अतिनील किरणांपासून ती प्लास्टिकला वाचवते. तेव्हा काळा पाइप दिसला की तो उन्हापासून बचाव करतोय की आपलं पूर्वायुष्य लपवतोय, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

परीक्षा घ्यायच्या तर प्लंबरकडे त्या होत्या. त्याने खिशातून लायटर काढला. तुकड्याची कड पेटवून विझवली आणि धूर नाकाशी न्यायच्या आधीच मान बाजूला केली, यावरून माणूस अनुभवी आहे हे कळलं. मेणबत्तीसारखा वास आला तर एचडीपीई. ज्योत काढताच विझला आणि नाक चुरचुरलं तर पीव्हीसी. मग पाण्याची बादली. एचडीपीई पाण्यापेक्षा किंचित हलकं, तरंगतं. पीव्हीसी जड, बुडतं. तेवढ्यात खजिनदारांना त्यांचा मुद्दा सापडला. ते बँकेतून निवृत्त झालेले, वजनावर त्यांचा विश्वास. त्यांनी पीव्हीसीचे दोन तुकडे दोन हातांत धरून जड तुकडा पसंत केला. “हा भरीव माल आहे.”

प्लंबर म्हणाला, “साहेब, त्यात कॅल्शियम आहे.”

काही जण दुधातून कॅल्शियम घेतात. वसईची जमीन ते पाइपातून घेते. कॅल्शियम म्हणजे खडूची पूड. पीव्हीसी पाइपात ती थोडी घालायला हरकत नसते. पण पूड स्वस्त आणि राळ महाग, त्यामुळे ‘थोडी’ हे माप ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर असतं. पूड वाढली की पाइप जड होतो, हातात रुबाबदार लागतो आणि टेम्पोतून उतरवताना पडला की खापरासारखे तुकडे होतात. किलोवर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खडू पाइपाच्या भावाने मिळतो. खजिनदारांनी तो तुकडा हळूच परत ठेवला.

मग छापील अक्षरं वाचण्याचा कार्यक्रम झाला. पाइप ‘चार इंची’ मागायचा, पण त्यावर ११० मिलिमीटर लिहिलेलं असतं, आणि चार इंचांचे होतात एकशे दोनच्या आसपास. ‘सहा इंची’ म्हणजे १६०. हा बाहेरचा व्यास, त्यामुळे हिशोब कधीच जुळत नाही आणि कुणाला जुळवायचाही नसतो. भिंतीवरून उतरणाऱ्या एसडब्ल्यूआर पाइपाचं मानक आयएस १३५९२. त्यात ‘ए’ प्रकार पावसाच्या पाण्याला आणि ‘बी’ संडासाच्या लाइनला. ११० मिलिमीटरच्या ‘ए’ची जाडी किमान २.२ मिलिमीटर, ‘बी’ची ३.२. म्हणजे सरकारी मानकालाही ठाऊक आहे की पाऊस हा तुलनेने सभ्य गृहस्थ आहे. ते मानक लिहिणाऱ्याने वसईचा जुलै पाहिलेला नसावा.

आयएसआयचा शिक्का असला की त्याबरोबर लायसन्सचा नंबर असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. प्लंबर सांगत होता, बाजारात नंबर नसलेलेही शिक्के फिरतात. कुठे ‘आयएसप्रमाणे’ असं मोघम छापलेलं, कुठे नामांकित कंपनीच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे. शेठ या बाबतीत सरळ निघाले. “आपल्या मालावर काहीच छापलेलं नाही,” ते म्हणाले. “खोटं पण नाही.”

आम्हाला लाइन पुरायची असल्याने शेठनी पन्हळी पाइप सुचवला. बाहेरून वळ्या वळ्या, आतून गुळगुळीत. धंद्यात त्याला डीडब्ल्यूसी म्हणतात. त्याची ताकद जाडीवर नाही, वळ्यांवर. ती मोजायची एसएनमध्ये: एसएन ४, एसएन ८. आकडा जितका मोठा, तितका वरच्या वजनाखाली पाइप कमी चेपतो. “वरून काय जाणार?” शेठनी विचारलं.

“काही नाही, सोसायटीचं आवार आहे,” खजिनदार.

“टँकर?”

टँकर! वसईत टँकर नाही असं आवार नाही. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, गाडी वेगळी. पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाला सगळ्यात मोठा धोका पाणी आत आणणाऱ्या गाडीपासून, असा हा प्रकार. आणि तो टँकर जुलैतही येतो, गुडघाभर पाण्यातून, हॉर्न वाजवत. एसएन ८ ठरला.

सेक्रेटरी मात्र अस्वस्थ होते. इतकी चाचपणी झाली, पण पर्यावरणाचा गौरव कुठेच होत नव्हता. म्हणून मी त्यांना आधार द्यायला अमेरिकेचा दाखला दिला. तिकडे शेतातल्या निचऱ्याच्या पाइपांत रिसायकल प्लास्टिक बऱ्याच आधीपासून चालतं. महामार्गाखाली टाकायच्या पन्हळी एचडीपीई पाइपाच्या मानकात मात्र त्याला जागा मिळाली २०१८ साली, तीही सगळ्या चाचण्या पार केल्या तर. मटेरियलला मागच्या जन्माचं विचारू नका, या जन्मी किती भार सोसतं ते विचारा, असा तो हिशोब. शेठना तो इतका आवडला की त्यांनी ताबडतोब चहा मागवला. “म्हणजे अमेरिकेला पण वालीवसारखं करावं लागलं,” ते म्हणाले.

आणि शेतातल्या निचऱ्यासाठी अमेरिकेपर्यंत जायचं कारणच नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला जास्त पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, तेव्हा तिथल्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून त्या पुन्हा पिकाखाली आणल्या. त्या पाइपांना भोकं मुद्दाम पाडतात. आपल्या बाजूला ती सुविधा दरात समाविष्ट असते.

खजिनदारांचा कल अजूनही सिमेंटच्या पाइपाकडे होता. “आमच्या वेळी ह्यूम पाइप टाकायचे. पुरला की पुरला.” ह्यूम हे वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन माणसाचं आडनाव; सिमेंटचा पाइप साचा गरगर फिरवून बनवायची युक्ती त्याची. ती आपल्याकडे आणणाऱ्यांत आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद. ‘इंडियन ह्यूम पाइप’ ही कंपनी त्यांनी १९२६ साली काढली. त्या पिढीने पाइप, जहाज, विमान, मोटार सगळ्यांत हात घातला. आमच्या पिढीचा हात कमिटीच्या ठरावाबाहेर जात नाही. प्लंबरने ह्यूम पाइपाविरुद्ध एकच मुद्दा मांडला. आमच्या मागच्या गल्लीची रुंदी एका जाड माणसाला आडवं वळायला पुरत नाही; ह्यूम पाइप आत न्यायचा कुणी?

आता या सगळ्या प्रकरणात एक गंमत होती, ती चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत कुणाच्या लक्षात आली नव्हती. ज्या वर्षी अमेरिकेने ते मानक बदललं, त्याच २०१८च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्मोकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली. कारणांत एक मोठं कारण हेच होतं की त्या गटारात जाऊन बसतात. आणि त्याच वर्षीच्या जुलैत वसई पाण्यात गेली. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल थांबल्या, मिठागराच्या वस्तीत शेकडो लोक अडकून पडले. गटार तुंबवणारंही प्लास्टिक आणि गटार वाहतं ठेवायला आम्ही आणणार होतो तेही प्लास्टिक. शक्यता अशीही होती की दोघं एकाच पिशवीचे अंश निघतील आणि आमच्या मागच्या गल्लीत त्यांची गळाभेट होईल.

त्या पुरानंतर महापालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी यांची सत्यशोधन समिती बसवली. समितीने उपायांत धारण तलाव सुचवले, म्हणजे पावसाचं पाणी काही काळ थांबून राहील अशा जागा. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाड्यांमधून, अशा जागा आधी होत्याच. त्यांना बावखल म्हणतात. केळीच्या आणि पानवेलींच्या बागांना शिंपण्यासाठी खणलेली ती गोड्या पाण्याची तळी पावसाळ्यात भरायची आणि आजूबाजूच्या विहिरींना पाणी पुरवायची. त्यातली बरीच मातीचा भराव टाकून बुजवली गेली आणि वर इमारती आल्या. मग पाणी थांबायला जागा उरली नाही, म्हणून त्याला घालवायला पाइप आले. आणि पाइप कुठे पोचवायचे हे ठरायच्या आत पाइपही विकले गेले.

हे मी चहा पिताना बोललो, तेव्हा प्लंबरने कप खाली ठेवला. त्याला बहुधा सकाळपासून हेच विचारायचं होतं. “साहेब, लाइन नेऊन सोडायची कुठे?”

“बाहेरच्या गटारात. दुसरं कुठे?” सेक्रेटरी.

“ढाळ मिळतो का?”

आमच्या सभेत पाइपाच्या जन्माची चर्चा झाली होती, रंगाची झाली होती, तुळशीवृंदावनाची झाली होती. ढाळ हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. पाण्याला पाइपाचं मटेरियल कळत नाही. त्याला फक्त खाली कळतं. दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार दिला की ते मुकाट्याने जातं, मग पाइप एकदम व्हर्जिन असो वा बादलीचा भाचा. न दिला तर ते आत बसून राहतं, मग पाइप सोन्याचा का असेना.

संध्याकाळी प्लंबरने आवारात लेव्हलची नळी लावली. ही पारदर्शक, बोटाएवढी जाड, मळलेली नळी. तिच्यात पाणी भरून एक टोक आमच्या चेंबरपाशी धरलं आणि दुसरं बाहेरच्या गटारापाशी. शेठच्या गाळ्यात पाहिलेल्या सगळ्या पाइपांपेक्षा स्वस्त हीच, आणि खरं बोलणारीही हीच. तिने सांगितलं की बाहेरचं गटार आमच्या चेंबरपेक्षा वीतभर उंच आहे.

यात नवल काही नाही. इमारत एकदा बांधली की तिथेच राहते. रस्ता मात्र दर खेपेला जुन्या थरावर नवा थर घेऊन वर चढतो, आणि त्याच्या कडेचं गटारही त्याच्याबरोबर बढती घेतं. त्यामुळे आमच्या तळमजल्याला जायला पूर्वी दोन पायऱ्या चढाव्या लागत, आता एक उतरावी लागते. आमचं पावसाचं पाणी रस्त्यावर जायचं तर त्याला वर चढावं लागणार, आणि रस्त्याचं पाणी आमच्याकडे यायचं तर त्याला कुणाच्याही ठरावाची गरज नाही.

तातडीची सभा भरली. खड्डा खणून पंप बसवायचा आणि पाणी उपसून गटारात टाकायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. गटारातून ते पुन्हा आत येणार, हे प्लंबरने लक्षात आणून दिलं. मग पंपाच्या लाइनच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावायचं ठरलं, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाईल. खजिनदारांनी पंपाच्या विजेचा हिशोब मागितला. सेक्रेटरींनी सोलर पंपाचा विषय काढला, जुलैसाठी. आणि तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “पंपाला जो पाइप लागणार, तो तरी नवीन घेणार ना?”

पत्रव्यवहार माझ्याकडे असल्याने शेठना फोन मीच लावला. एसएन ८च्या पन्हळी पाइपाची ऑर्डर कायम आहे, शिवाय एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागेल, असं सांगितलं.

“कुठल्या बाजूला बसवणार?” शेठ.

“पाणी आत येतं त्या बाजूला.”

पलीकडे ग्राइंडरचा आवाज थोडा वेळ तसाच चालू राहिला. “साहेब,” ते म्हणाले, “वसईत पाणी दोन्ही बाजूंनी येतं. जोडी घ्या, भावात बसवून देतो.”